वाचनालयांचे वासंतिक कार्यक्रम : कोणाच्या सवडीने?

चैत्र सरून वैशाख लागला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि घरोघर आंब्याच्या अढ्या पडू लागल्या, म्हणजे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या वाचनालयांच्या दारांवर एक छापील पत्रक झळकते. वरती संस्थेचे नाव व स्थापनेचे साल, खालती अध्यक्ष व चिटणीस यांची नावे, मध्ये सात किंवा नऊ दिवसांच्या व्याख्यात्यांची यादी, आणि अखेरीस रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहण्याची विनंती. व्याख्यानांच्या जोडीस एक दिवस सुगम गायनाचा, एक नाट्यप्रवेशांचा, आणि सकाळच्या वेळी मुलांसाठी चित्रकला, हस्ताक्षर व कथाकथन. गेली तीस वर्षे आम्ही अशी पत्रके वाचीत आलो आहो, आणि त्यांपैकी काहींवर आमचेही नाव छापले गेले आहे. तेव्हा पुढे जे लिहावयाचे आहे ते परक्याचे दोषदर्शन आहे असे वाचकांनी मानू नये; दोषाचा एक वाटा आमच्याही पदरी आहे.

ग्रंथांचे परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे चांगली रुळली आहे. परंतु ते ग्रंथ ज्या संस्थांच्या कपाटांत राहतात, त्या संस्थांच्या चालीरीतींचे परीक्षण क्वचितच होते. उत्सव झाला की वृत्तपत्रात चार ओळी येतात, 'कार्यक्रम उत्तम रीतीने पार पडला' असा शेरा वार्षिक अहवालात पडतो, आणि पुढील वैशाखात तेच पत्रक नव्या नावांनिशी पुन्हा छापले जाते. हेतू चांगला आहे, कार्यकर्ते बहुधा निरपेक्ष आहेत, आणि खर्च पदरमोड करून भागविला जातो, ह्या तीन गोष्टींमुळे टीका करण्यास कोणाची जीभ रेटत नाही. तथापि, हेतूच्या चांगुलपणाने कृती आपोआप चांगली ठरत नाही, हे साहित्याच्या परीक्षणात आपण रोजच म्हणतो. तोच न्याय येथेही लावून पाहू.

प्रथम ही चाल कोठून आली ते पाहिले पाहिजे. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. तिचे जनक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्या वेळी पुण्यास न्यायखात्यात होते. व्याख्याने उन्हाळ्यात का ठेविली, ह्याचे कारण त्या काळच्या पुण्याच्या दिनक्रमावरून सहज उमगते. उन्हाळ्यात न्यायालयांस सुटी, विद्यालयांस सुटी, मुंबईस नोकरीवर असलेली मंडळी घरी आलेली, आणि ज्यांनी ऐकावे अशी अपेक्षा होती तो बहुतेक वर्ग मोकळा. शिवाय आकाश निरभ्र असल्यामुळे मंडपाची किंवा मोठ्या दिवाणखान्याची अडचण नाही. संध्याकाळी वारा सुटल्यावर अंगणात बैठक घातली की सभा झाली. म्हणजे 'वसंत' हा शब्द जरी काव्यमय असला, तरी त्याच्या मुळाशी एक साधा व्यावहारिक हिशेब होता: आपला श्रोता केव्हा मोकळा असतो, तेव्हा त्याला बोलवावे. मराठी ग्रंथकारांची पहिली सभा रानडे व लोकहितवादी यांनी पुण्यास भरविली, तीही ११ मे १८७८ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातच.

हा हिशेब त्या वर्गापुरता बिनचूक होता. पण तो एका वर्गाचा हिशेब होता, ही गोष्ट त्याच काळी एका पुरुषाने स्पष्टपणे दाखवून दिली होती. १८८५ साली ग्रंथकारांची दुसरी सभा भरणार होती, तेव्हा जोतीराव फुले यांस निमंत्रण गेले. त्यांनी ते नाकारले, आणि उत्तरी कळविले की, जे लोक सर्व माणसांचे हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत व तसे वर्तनही करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसावयाचा नाही. फुल्यांचा आक्षेप ऋतूवर किंवा वेळेवर नव्हता, तो फार खोलवर जाणारा होता, हे आम्ही जाणतो. त्याला वेळापत्रकाच्या तक्रारीचे रूप देणे हा त्याचा अपमान होईल. परंतु निमंत्रण सर्वांस असले तरी सभा सर्वांची होतेच असे नाही, ही जी जाणीव त्या पत्राने दिली, तिचा एक लहानसा धागा आमच्या आजच्या विषयापर्यंत येऊन पोहोचतो.

पुढे ही चाल गावोगाव पसरली. नाशिकास गोदाघाटावर मे महिन्यातील व्याख्यानमाला आजही भरते, आणि नदीच्या काठी उघड्यावर बसून ऐकण्यात जो आनंद आहे तो कोणी नाकारणार नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात वाचनालयांची परंपरा चांगली पुरातन आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली उभे केलेले. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यायोगे अनुदान मिळू लागले, आणि वाचनालये खेड्यापाड्यांत पोहोचली. ज्या गावात न्यायालय नाही, महाविद्यालय नाही, सुटीवर येणारा चाकरमानी वर्गही थोडाच, अशा गावातही पत्रक मात्र वैशाखातच लागू लागले. पुण्याच्या मंडळींनी श्रोत्याची सवड पाहून ऋतू निवडला होता. आपण ऋतू तेवढा ठेवून घेतला, आणि श्रोत्याची सवड पाहावयाचे विसरलो.

ह्याच सुमारास, १८७४ साली, अमेरिकेत न्यूयॉर्क संस्थानातील शटॉक्वा नावाच्या सरोवराच्या काठी उन्हाळी व्याख्यानांची व शिक्षणाची एक सभा सुरू झाली होती. तिच्या नावाने पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फिरते तंबू निघाले. हे तंबू खेड्यांतील शेतकऱ्यांपर्यंत व्याख्यान, संगीत आणि नाटक घेऊन जात. ज्याला सरोवरापर्यंत जाणे परवडत नव्हते त्याच्या गावाच्या माळावर तंबू आपण होऊन उभा राहिला, ही त्यातील लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. रेडिओ आणि मोटारी आल्यावर ते तंबू मिटले; पण श्रोत्याकडे चालत जाण्याची ती रीत जुनी झाली आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता आम्ही वाचकांस वसईच्या किनाऱ्यावर नेतो. वसईचा किल्ला सर्वांस ठाऊक आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्याविषयी दर उन्हाळ्यात एखादे तरी व्याख्यान होतच असते. त्या किल्ल्यालगत, खाडीच्या मुखाशी, पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. वस्तीत हिंदू कोळी आहेत तसेच ख्रिस्ती कोळीही आहेत. दोघांचा देव निराळा असला तरी दर्या एकच, आणि त्या दर्याचे पंचांगही एकच. ह्या भागातील लोकांस वाङ्मयाची आवड नाही असे जर कोणी म्हणेल, तर त्याने २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्मरण करावे. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच, आणि 'सुवार्ता' मासिकाच्या द्वारे त्यांनी ह्या परिसरात मराठी वाचकांची एक पिढी घडविली. सामवेदी, वाडवळी व कोळी अशा बोलींनी हा प्रदेश समृद्ध आहे. तेव्हा उणीव आवडीची नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात ह्याच परिसरातील एका वाचनालयाने आम्हांस व्याख्यानास बोलाविले. विषय आम्हीच सुचविला होता: 'पाश्चात्य वाङ्मयातील सागर'. समुद्राकाठचे गाव, तेव्हा विषय शोभून दिसेल असे वाटले. गाडीतून लवकर उतरल्यामुळे चिटणिसांसमवेत आम्ही पाचूबंदरापर्यंत फिरून आलो. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि त्यांवर बोंबील टांगलेले. जमिनीवर जवळा पसरलेला. स्त्रिया तो हलवून वरखाली करीत होत्या. त्यांपैकी एकीने वर पाहून ढग आले आहेत काय ह्याचा अंदाज घेतला. पावसाळ्याचे दोनअडीच महिने घरात मीठ-भाकरीशी खावयास व बाजारात विकावयास जी सुकी मासळी लागते, ती सगळी ह्याच दिवसांत भरून ठेवावयाची. वळवाची एक सर अवेळी आली, तर चार दिवसांची मेहनत कुजून जावयाची. पुरुष मंडळी समुद्रात होती, कारण होड्या ओढून ठेवण्यापूर्वी जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या करावयाच्या होत्या. वैशाख हा त्या वस्तीचा वर्षातील सर्वांत घाईचा महिना आहे, हे समजण्यास पंधरा मिनिटे पुरली.

संध्याकाळी आम्ही व्याख्यान दिले. अर्नेस्ट हेमिंग्वे याची १९५२ सालची लहान कादंबरी, जिचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' ह्या नावाने केला, तिच्यावर आम्ही अर्धा तास बोललो. समोर सेवानिवृत्त शिक्षक, दोन-तीन वकील, काही गृहिणी व आयोजकांच्या घरची मुले असा सुसंस्कृत श्रोतृसमाज होता. त्यांनी शांतपणे ऐकले व शेवटी टाळ्या वाजविल्या. एका म्हाताऱ्या कोळ्याची, त्याच्या दोरीची, त्याच्या हातांना पडलेल्या घट्ट्यांची मीमांसा आम्ही केली. आणि ज्यांच्या हातांना तसेच घट्टे होते, ती माणसे हाकेच्या अंतरावर असूनही त्यांपैकी एकही सभेत नव्हता. त्यांना कोणी मज्जाव केला नव्हता. पत्रक त्यांच्याही वस्तीत लावलेले आम्ही पाहिले होते. केवळ त्यांना वेळ नव्हता, आणि त्यांना वेळ नाही ही गोष्ट आम्हां कोणासही ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून सुचली नव्हती.

कुतूहलाने आम्ही चिटणिसांना नंतर पत्र लिहून विचारले की, उत्सवानंतरच्या आठवड्यांत ग्रंथांच्या देवघेवीत काही फरक पडला काय. गृहस्थ प्रामाणिक होते. नोंदवही पाहून त्यांनी कळविले की नावे नेहमीचीच आहेत, आणि व्याख्यानांत ज्या ग्रंथांचा उल्लेख झाला त्यांपैकी बहुतेक कपाटातून हललेले नाहीत. ह्या उत्तराने आम्हांस वाईट वाटले, परंतु नवल वाटले नाही. आमच्या मते वाचनालयाच्या उत्सवाचे यश मोजण्याचे माप ही नोंदवहीच होय. नाट्यगृहाने खुर्च्या मोजाव्या, गायनमंडळाने टाळ्या मोजाव्या. वाचनालयाने उत्सवानंतर कोणते नवे हात पुस्तकाकडे वळले ते पाहावे. त्या मापाने आमचे व्याख्यान नापास झाले होते.

मग ह्या वस्तीची सवड केव्हा? दर्याचे पंचांग पाहिले असता उत्तर सरळ आहे. पूर्वी आषाढाच्या तोंडी होड्या वर ओढीत आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात लोटीत. मासळीच्या विणीचा हा काळ. शिवाय समुद्रही खवळलेला. पुढे सरकारने ह्यास नियमाचे रूप दिले, आणि २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरविण्यात आली. ह्या दिवसांत होडी किनाऱ्यावर असते, आणि माणसेही घरी असतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राच्या जुन्या परंपरेत वाचनाचा ऋतू वसंत हा कधीच नव्हता. तो चातुर्मास होता. आषाढी एकादशीपासून देवळात किंवा एखाद्या घराच्या पडवीत पोथी लागे. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या आरंभी रचले गेले, आणि पुढे दोन-अडीचशे वर्षे ते पावसाच्या आवाजात वाचले गेले. एक जण वाचीत असे, दहा-वीस ऐकत असत. त्या दहा-वीसांपैकी कित्येकांस अक्षरओळखही नसे, तरी भीमाचे व अभिमन्यूचे चरित्र त्यांस तोंडपाठ असे. कोकणपट्टीत भाताची लावणी उरकली की श्रावणात शेतकऱ्यास उसंत मिळते. कोळ्यास तर ती आधीपासूनच मिळालेली असते. ख्रिस्ती समाजाचीही अशीच एक जुनी रीत आहे. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले, तेही पुराणासारखे मोठ्याने वाचावयाचे व अनेकांनी मिळून ऐकावयाचे म्हणूनच. अक्षरज्ञान थोड्यांस आणि ग्रंथ सर्वांस, ही किमया आपल्या पूर्वजांनी साधली ती सवडीचा ऋतू ओळखून व एकाने वाचून अनेकांनी ऐकण्याची सोय करून. आपल्या आधुनिक वाचनालयांनी ही दोन्ही साधने एकदमच टाकून दिली, हे आश्चर्य आहे.

जुलै महिन्यात आम्ही पुन्हा पाचूबंदरास गेलो. ह्या वेळी पत्रक नव्हते, हार नव्हता, अध्यक्षही नव्हते. चिटणिसांच्या ओळखीने जाळी दुरुस्त करण्याच्या एका छपरात आम्हांस बसावयास जागा मिळाली. बाहेर पाऊस संतत कोसळत होता. आत सात-आठ माणसे जाळे मांडीवर घेऊन फाटलेली घरे विणीत होती, आणि एका कोपऱ्यात मोबाइलवर गाणी चालू होती. आम्ही 'एका कोळियाने' उघडून वाचावयास सुरुवात केली. पहिली काही पाने गाण्यांशी स्पर्धा करीतच गेली. पुढे कोणी तरी गाणी बंद केली. हात चालूच होते.

म्हातारा एकटाच दूर समुद्रात जातो व प्रचंड मासा गळास लागतो, तेथपर्यंत आम्ही आलो, तेव्हा आमच्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध तांडेलाने मान वर न करता विचारले, "मास्तर, पण हा एकटा का गेला? जोडीला पोर का नाही नेला?" आम्ही सांगितले की, मुलगा पूर्वी त्याच्याच होडीवर होता, पण चाळीस दिवस मासा मिळाला नाही, म्हणून आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर घातला. तांडेल म्हणाला, "मग बापाचंही खोटं नाही. आणि म्हाताऱ्याचंही खोटं नाही." क्षणभर थांबून तो पुढे म्हणाला, "पण दोरी ओढताना त्याला त्या पोराची आठवण येणार."

वाचकहो, ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे त्यांस सांगावयास नको की, पुढे भर समुद्रात तो म्हातारा पुनःपुन्हा हेच मनाशी म्हणतो. मुलगा जवळ असता तर बरे झाले असते, हा त्या पुस्तकाचा पालुपदासारखा फिरून फिरून येणारा सूर आहे. इंग्रजीचे अध्यापन करताना आम्ही त्या कादंबरीतील प्रतीकांविषयी, धैर्याविषयी, मानवाच्या पराजयाविषयी पुष्कळ बोललो आहो. परंतु होडीवरील दुसऱ्या माणसाची रिकामी जागा हा त्या कथेचा कणा आहे, हे इतक्या थोडक्यात आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते. मे महिन्यातील आमच्या व्याख्यानातही ते नव्हते. त्या तांडेलास वाचनालयात आणावे ही केवळ त्याच्यावर उपकार करण्याची गोष्ट नाही. तो आला नाही तर आपल्या वाचनातही काही तरी उणे राहते.

हात गुंतलेले आणि कान मोकळे, अशा श्रोत्यांची ही कल्पना आमची नव्हे. ज्या क्यूबा बेटात हेमिंग्वेचा म्हातारा मासे धरीत होता, त्याच बेटात हवाना शहरी १८६५ साली चिरुटांच्या कारखान्यात कामगारांस ग्रंथ वाचून दाखविण्याची प्रथा सुरू झाली. तंबाखूची पाने वळणारे शेकडो हात काम करीत, आणि एक वाचक उंच आसनावर बसून प्रथम वृत्तपत्र व मग कादंबरी वाची. वाचकाचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत, आणि कोणते पुस्तक वाचावे हेही तेच ठरवीत. त्या वेळच्या स्पॅनिश राज्यकर्त्यांस ही चाल धोक्याची वाटून त्यांनी लौकरच तिला बंदी घातली. तरी ती मेली नाही. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत असे छप्पर गावोगाव असते, आणि वाचणारा तरुण आज प्रत्येक कोळीवाड्यात आहे. वाचनालयाने पुस्तक पुरवावे, आणि आठवड्यातून दोन-तीन दुपारी वाचन चालेल अशी व्यवस्था करावी, एवढेच उरते.

ह्यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप पावसाचा. उन्हाळ्यात अंगण चालते, पावसाळ्यात छप्पर लागते. परंतु हजार माणसांची सभा हवी असेल तरच ही अडचण आहे. पंधरा-वीस माणसांस जाळ्यांचे छप्पर, देवळाचा सभामंडप किंवा चर्चचे सभागृह पुरते. दुसरा आक्षेप असा की, बंदीच्या काळात कोळी रिकामा नसतो. होडीची डागडुजी, रंग, जाळी, इंजिनाची दुरुस्ती ही कामे असतात, आणि स्त्रिया तर सुकी मासळी घेऊन बाजारास जातातच. हे खरे आहे, आणि म्हणूनच आम्ही त्यांस खुर्चीवर आणून बसवा असे म्हणत नाही. स्त्रियांची वेळ पुरुषांच्या वेळेहून निराळी असेल. ती त्यांना विचारून ठरवावी, आपण घरी बसून ठरवू नये. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो पैशाचा. ज्या दोन महिन्यांत वेळ असतो, त्याच दोन महिन्यांत मिळकत बंद असते, आणि जूनमध्ये मुलांच्या शाळेचा खर्च येऊन उभा राहतो. अशा वेळी वाचनालयाची अनामत रक्कम, प्रवेशशुल्क व वर्गणी भरावयास कोण तयार होईल? ह्याचा उपाय मात्र वाचनालयाच्याच हाती आहे. व्याख्यात्यांच्या मानधनाचा, हारांचा व ध्वनिक्षेपकाचा जो खर्च होतो, त्यातून एका दिवसाचा खर्च कमी केला, तर कित्येक कुटुंबांची अनामत त्या दोन महिन्यांपुरती माफ करता येईल.

मुलांच्या कार्यक्रमांविषयी मात्र आमचे म्हणणे निराळे आहे. ते मे महिन्यातच राहावे. शाळेची सुटी कोळ्याच्या मुलास आणि वकिलाच्या मुलास एकाच दिवशी लागते, आणि सुटीत वाचनाची सवय मोडते हा अनुभव सर्व देशांतील ग्रंथपालांस आला आहे. परंतु येथेही चित्रकला, हस्ताक्षर व नाट्यछटा यांच्या स्पर्धा भरवून बक्षिसे वाटली म्हणजे झाले, असे समजू नये. ज्या मुलाने किल्ल्याचे चित्र काढले त्याच्या हाती किल्ल्याविषयीचे पुस्तक जावे; ज्याने गोष्ट ऐकली त्याला त्या गोष्टीचे पुस्तक त्याच टेबलावर दिसावे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेवर व्याख्यान असेल त्या दिवशी य. न. केळकरांचे 'वसईची मोहीम' कपाटात कुलपाआड राहू नये. गायन, नाट्य, व्याख्यान यांपैकी काहीही वर्ज्य करा असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाचा एक हात कपाटाकडे असावा, एवढेच म्हणतो.

ग्रंथ श्रोत्यापर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे पूर्वी झालेले नाही असेही नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून मोफत ग्रंथालयांची योजना आखविली. त्या योजनेत पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत, आणि ज्यांस वाचता येत नसे त्यांच्यासाठी चित्रे दाखविण्याची निराळी शाखाच होती. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे सूत्र रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. ग्रंथपालनाचा अभ्यास करणारे विद्यार्थी आजही ते पाठ करतात. त्या सूत्रास आम्ही एवढेच जोडू इच्छितो की, वाचकास त्याचा ग्रंथ मिळावयाचा तर तो त्याच्या वेळी मिळाला पाहिजे.

वाचनालयांच्या चालकांस आमची विनंती आहे की, पुढील पत्रक छापण्यापूर्वी त्यांनी आपल्या गावाचे एक पंचांग तयार करावे. कोणत्या महिन्यात कोण मोकळा असतो, कोणाच्या हाती कोणते काम असते, कोणास कोणत्या वेळी घरी असणे शक्य आहे, हे गावात फिरून विचारावे. आंब्याच्या गावचे पंचांग निराळे निघेल, उसाच्या गावचे निराळे, आणि पाचूबंदराचे त्याहून निराळे. मग उत्सव एकच असावा की दोन, वैशाखात असावा की आषाढात, हे आपोआप ठरेल. व्याख्यात्यांनीही, आणि त्यांत आम्हीही आलो, बोलावणे आले म्हणजे प्रथम विचारावे की ऐकावयास कोण येऊ शकणार आहे.

त्या दिवशी जाळ्यांच्या छपरात पुस्तक पुरे झाले नाही. शार्क मासे येण्यापूर्वीच अंधार पडला आणि आमची गाडीची वेळ झाली. निघताना तांडेलाने पुस्तक ठेवून जाल काय असे विचारले. त्याचा नातू रात्री पुढचे वाचून दाखवील म्हणाला. पुस्तक वाचनालयाचे होते, आणि तांडेल वाचनालयाचा सभासद नव्हता. चिटणिसांनी क्षणभर विचार केला, आणि ते स्वतःच्या नावावर नोंदवून त्याच्या हाती दिले. त्यांचे हे करणे नियमास धरून होते की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. पुढील आषाढात ते पुस्तक त्या नातवाच्याच नावावर नोंदले जावे, अशी व्यवस्था वाचनालयाने तोपर्यंत करावी.